२५० ग्रॅम, एक प्लास्टिकची पिशवी आणि दहा वर्षं

झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण मागच्या आठवड्यात घरी समन्स येऊन पडलंय आणि ते डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

२०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका स्टेशनाबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. संध्याकाळची गर्दी, दारात रांग, आणि साध्या कपड्यातले दोघं आले. "पाच मिनिटं चला, पंच म्हणून सही करायची आहे." त्या पाच मिनिटांचे साडेचार तास झाले. पुलाखाली वीस-एकवीस वर्षांचं पोरगं उभं. साहेबांनी त्याला विचारलं, "राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का?" त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे. राजपत्रित म्हणजे काय हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

कमरेला बांधलेली पिशवी निघाली, आत तपकिरी पूड. साहेबांकडच्या किटमधल्या थेंबांनी चिमूटभर पूड जांभळी झाली. ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनच. काटेवाल्याला आधीच बोलावलेलं होतं. काट्यावर आकडा आला २५८. मग पाच-पाच ग्रॅमची दोन पाकिटं, बाकीचं तिसऱ्यात, मेणबत्तीवर लाख वितळवून सील, सगळ्यांवर माझ्या सह्या. लाखेचा एक थेंब अंगठ्यावर पडला, त्याचा डाग महिनाभर होता.

आता एवढ्या वर्षांनी साक्षीला बोलावलंय. पुतण्याने कायदा शोधून दिला. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. म्हणजे त्या पोराचं सगळं वरच्या आठ ग्रॅमवर आलंय. आणि मला जसं आठवतंय त्याप्रमाणे काट्यावर पूड जी ठेवली ती

*(पुढचा मजकूर धागाकर्त्याच्या विनंतीवरून काढला आहे. संपादक)*

काळाकोट

तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पण सगळ्यांसाठी इथेही लिहितो. साक्ष व्हायची असताना काय आठवतं ते जाहीर ठिकाणी लिहायचं नसतं. कोर्टात विचारतील तेवढंच सांगा. पढवलेलं नको, गाळलेलंही नको.

कायद्याचं बोलू, त्याला हरकत नाही. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. किमान दहा वर्षं त्यात पहिल्यापासूनच होती, १९८९ मध्ये जामिनाचं जाचक कलम आलं. तेव्हा दोन ग्रॅमवाल्यालाही दहा वर्षं लागायची. २००१ च्या दुरुस्तीनंतर तीन पायऱ्या झाल्या. हेरॉइनचं बघा: ५ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, कमाल एक वर्ष. २५० च्या वर व्यापारी मात्रा, किमान दहा, कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड. या दोहोंच्या मधलं सगळं मधली मात्रा, तिथे कमाल दहा आणि किमान काहीच नाही. अफूला हेच आकडे २५ ग्रॅम आणि अडीच किलो.

म्हणजे २४९ ग्रॅमला न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतो. २५१ ला त्याचे हात बांधलेले. वजनाच्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते आमच्याकडे रोज दिसतं. आरोपीचं नाव नंतर विचारतात, आधी "कमर्शिअल आहे का?"

सडेतोड

झालं, आरोपीचा कळवळा सुरू! शाळेबाहेर विकणाऱ्यांना दहा वर्षंसुद्धा कमीच. माझ्या मामेभावाचा मुलगा यातच गेला. चौकात फाशी द्या, दुसऱ्या दिवसापासून धंदा बंद.

सिंगापूरकर_मावशी

सडेतोड, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण फाशीचं म्हणाल तर मी एकोणीस वर्षं इथे राहते. पंधरा ग्रॅमच्या वर हेरॉइन असलं की फाशी. २०१३ पासून फक्त वाहकांना थोडी फट ठेवली आहे, तीसुद्धा तपासाला ठोस मदत झाल्याचा दाखला मिळाला तरच. एप्रिल २०२२ मध्ये नागेंथ्रन नावाच्या मलेशियन तमिळ मुलाला फाशी दिली. मांडीला ४२.७२ ग्रॅम बांधून तो पूल ओलांडून आला होता. त्याचा बुद्ध्यांक ६९ असल्याची चर्चा जगभर झाली. जुलै २०२३ मध्ये एका बाईला दिली, ३०.७२ ग्रॅमसाठी. जवळपास वीस वर्षांत बाईला दिलेली ती पहिली फाशी.

रस्ते सुरक्षित आहेत, खोटं कशाला बोलू. मुलगी रात्री अकराला एकटी येते. पण ज्यानं त्या मुलाच्या मांडीला पुडकं बांधायला लावलं तो कुठे लटकला? शेजारच्या मलेशियानं २०२३ मध्ये सक्तीची फाशी काढून टाकली.

आणि एक फरक. इथे ते १५ ग्रॅम शुद्ध हेरॉइनचे मोजतात. प्रयोगशाळा भेसळ वजा करते, मग आकडा येतो. तुमच्याकडे?

काळाकोट

मावशींनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

आपल्याकडे यावर बारा वर्षं घोळ चालला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय ई. मायकेल राज प्रकरणात म्हणालं, मिश्रणातला शुद्ध अंशच मोजा. सरकारनं नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून उलटं केलं: सगळं मिश्रण मोजा. शेवटी एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग निकालात तीन न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलली. पूड पाच टक्के असो की साठ, भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. रस्त्यावर विकलं जातं ते मिश्रणच, मारतंही तेच, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून ठीक आहे. पण आता पाव किलो पिठूळ पावडरवाला आणि पाव किलो शुद्ध मालवाला एकाच बाकावर.

(मिश्रण म्हणजे आत मिसळलेलं. वेष्टन त्यात येत नाही. एवढंच सांगतो.)

टवाळ

म्हणजे दूधवाल्याचं पाणी दूध म्हणून मोजायचं! आमच्या गल्लीत हा निकाल केव्हाच लागू झालाय.

गोळीवाला

टवाळराव, हसू नका, आमच्या धंद्यात याच गणितानं घाम फुटतो. नागपुरात औषधाचं होलसेल आहे.

कोडीनवालं खोकल्याचं औषध घ्या. पाच मिलीत दहा मिलिग्रॅम कोडीन फॉस्फेट, म्हणजे शंभर मिलीच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम. कोडीनची व्यापारी मात्रा एक किलो. शुद्ध कोडीन धरलं तर पाच हजार बाटल्या लागतील. पूर्ण मिश्रण धरलं तर? पाक पाण्यापेक्षा जड असतो, दहाव्या बाटलीला किलो ओलांडला! एका खोक्यात याहून जास्त बाटल्या येतात.

परवाना आहे, बिल आहे, तर हे औषध एनडीपीएसमधून सुटतं. १९८५ च्या अधिसूचनेत अडीच टक्क्यांच्या आतल्या औषधी मिश्रणाला सूट आहे, आपलं ०.२ टक्के. पण बिलाविना साठा सापडला की सूट गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितलं की अशा वेळी औषध कायद्याबरोबर एनडीपीएसही लागतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तर २०१८ च्या एप्रिलपासून थेट यादीत आलं, २५० ग्रॅमला व्यापारी.

आमच्याकडे एक मुलगा होता, डिलिव्हरीचा. दुसऱ्या एका होलसेलरनं त्याला "हे चार खोके तेवढे पोचव" म्हणून दिले, कागद नव्हते. वाटेत अडवलं. मुलगा आत. होलसेलर म्हणाला, खोके माझे नाहीतच. त्याच्याकडे चांगला वकील होता. मुलाच्या आईनं आमच्या दुकानात येऊन विचारलं होतं, "खोकल्याच्या औषधासाठी दहा वर्षं कशी होतात हो?" मी तिला वरचं गणित समजावत बसलो, आणि निम्म्यात गप्प झालो.

सडेतोड

गोळीवाला, तुमच्याच धंद्यातले लोक हे सिरप भिवंडी-मुंब्र्यात पेट्यांनी पोचवतात. त्यांच्याबद्दलही लिहा की.

गोळीवाला

लिहितो. पोचवतात, आणि त्याहून मोठंही करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं मुंबईतल्या एका औषध कंपनीचा छडा लावला. टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारं वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैलावणारं औषध, दोन्हींची एकच गोळी करून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला पाठवत होते. जगात कुठेही या जोडगोळीला मान्यता नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीचा एक संचालकच म्हणाला की हे तब्येतीला वाईट आहे, पण धंदा आहे. केंद्रानं लगोलग निर्यातीच्या परवानग्या रद्द केल्या, कारखान्यावर धाड घातली.

पण टॅपेंटाडॉल तेव्हा एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. यादीत नाही म्हणजे ग्रॅम नाहीत, ग्रॅम नाहीत म्हणजे दहा वर्षं नाहीत. कोट्यवधी गोळ्या तागडीत बसल्याच नाहीत, आणि माझ्याकडचा पोरगा चार खोक्यांत बसला.

हडसनपार

न्यू जर्सीहून. फार्मसिस्ट आहे. इकडे कायदा तसा तुमच्यासारखाच, मिश्रणाचंच वजन. हेरॉइन एक किलो किंवा फेंटॅनिल (फार जहाल वेदनाशामक) ४०० ग्रॅम असलं की संघीय कायद्यात किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. त्या मालानं कोणी दगावलं तर किमान वीस.

आणि दुसऱ्या बाजूला? एका कंपनीनं फेंटॅनिलचा जिभेखाली मारायचा स्प्रे खपवायला डॉक्टरांना 'व्याख्यानांचे' पैसे चारले. संस्थापक जॉन कपूर, जन्म अमृतसरचा. जानेवारी २०२० मध्ये शिक्षा झाली ६६ महिने. साडेपाच वर्षं! तरी इतक्या वरच्या माणसाला तुरुंग झाला याचंच इकडे अप्रूप होतं. ऑक्सिकॉन्टिन या ओपिऑइड गोळीवाल्या पर्ड्यू फार्मानं २००७ आणि २०२० असा दोनदा गुन्हा कबूल केला. कंपनीनं केला. मालक सॅकलर घराण्यातल्या एकावरही फौजदारी खटला उभा राहिला नाही.

काउंटरवर उभा राहून मी त्या गोळ्या दिल्या आहेत. प्रिस्क्रिप्शन बरोबर, सही बरोबर, रुग्ण दर महिन्याला आणखी बारीक. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

उरणचा_बाळ्या

इकडं न्हावा-शेव्याला कंटेनर यार्डात आहे मी. तुमी ग्रॅम ग्रॅम करून ऱ्हायलेत म्हणून सांगतो.

ऑगस्ट २०२० ला १९१ किलो घावलं. पाइपात भरून, वरनं बांबूसारखा रंग मारून, कागदावर आयुर्वेदिक माल. जुलै २१ ला जवळपास तीनशे किलो, टाल्कच्या नावावर, इराणवरनं. सप्टेंबर २२ ला दिल्ली पोलीस आले, त्यांनी ज्येष्ठमधाचा अक्खा कंटेनर पकडला. बावीस टनाच्या आसपास मुळ्या, त्यांच्यावर हेरॉइनचा लेप. लेप! बघाल तर निस्ती वाळकी लाकडं. आमी त्या कंटेनरवरनं डबे खाल्ले असतील, सांगता येत नाय.

आनि गुजरातला मुंद्र्याला सप्टेंबर २१ ला दोन कंटेनरमधी २,९८८ किलो. अफगाणिस्तानचा माल, इराणच्या बंदर अब्बासवरनं आलेला.

आता वकीलसाहेब मला सांगा. २५८ ग्रॅमला दहा ते वीस. तीन हजार किलोला किती?

काळाकोट

दहा ते वीस.

बाळ्याभाऊ, थट्टा नाही. कलम तेच, पट्टा तोच. कारणं लिहून न्यायाधीश दोन लाखांच्या वर दंड करू शकतो, पण वर्षं वीसच्या वर नेऊ शकत नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर दीडपट. फाशी आहे, कलम ३१अ, पण तीही आधी शिक्षा झालेल्याला पुन्हा एक किलोहून मोठ्या हेरॉइनसह किंवा दहा किलो अफूसह धरलं तरच. पूर्वी ती सक्तीची होती. जून २०११ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं सक्ती घटनाबाह्य ठरवून 'द्यावीच' चं 'देता येईल' केलं, आणि २०१४ मध्ये संसदेनं कायद्यातच तसं लिहिलं. सडेतोड, सक्तीच्या काळातही धंदा बंद झाला नव्हता.

आता खरी गंमत. पैसा लावणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे, २७अ. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांच्या यादीत एक व्याख्या नवी घुसली, जुनीचा क्रमांक पुढे सरकला, आणि २७अ मात्र जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. म्हणजे 'अवैध व्यापाराला अर्थपुरवठा' या गुन्ह्याची व्याख्याच रिकाम्या खोलीत जाऊन पडली. सात वर्षं कुणाला पत्ता नाही! त्रिपुरातल्या एका आरोपीच्या वकिलानं ते पकडलं, उच्च न्यायालयानं केंद्राचे कान उपटले, मग सप्टेंबर २०२१ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. पिशवीवाल्याचं कलम मात्र या सात वर्षांत एक दिवसही लटकलं नाही.

निवृत्त_नाईक

वकीलसाहेबांना कोर्टात बोलायला बरं वाटतं, पण पुलाखाली रात्री उभं राहून बघा. पंच मिळत नाही. झेरॉक्सवाल्यांसारखा एखादा भला माणूस येतो, बाकीचे शटर ओढतात. खबर आली की कलम ४२ खाली आधी लिहून वरिष्ठांना कळवा, झडतीआधी ५० चा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा) समजावा, माल घेतला की ५२अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर यादी आणि नमुने. यातलं एक चुकलं की आरोपी सुटतो आणि बोलणी आम्हाला. नमुने जागेवरच काढायची पद्धत तर जुनी, १९८९ च्या आदेशातली. २०१६ मध्ये मोहनलाल निकालात कोर्टानं सांगितलं की नमुने मॅजिस्ट्रेटसमोरच काढा. २०१४ च्या माणसानं ते आधीच कसं पाळायचं?

वरच्या माणसाचं नाव पोरं घेत नाहीत. घेतलं तरी ऑक्टोबर २०२० च्या तूफान सिंग निकालापासून अधिकाऱ्यासमोरचा तो जबाब पुरावा म्हणून चालत नाही. मग वर जायचं कसं? आता १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रण सक्तीचं झालंय, ते मात्र चांगलं. काट्यावर काय ठेवलं ते दिसेल तरी.

काळाकोट

नाईकसाहेब, चित्रणाशी शंभर टक्के सहमत. बाकी, 'अधिकाऱ्याला दिलेली कबुली' काढली म्हणून केस पडत असेल तर केसमध्ये दुसरं होतं काय?

मंदसौरची_सून

माहेर सांगली, सासर मंदसौर. बावीस वर्षं अफूच्या शेतात गेली, परवान्याच्या. मंदसौर, नीमच, रतलाम आणि पलीकडे चित्तौड, प्रतापगड, हा सगळा पट्ट्याचा मुलूख. पट्टा म्हणजे सरकारी परवाना. माघ-फाल्गुनात दुपारी बोंडांना चीर द्यायची, रात्रभर दूध पाझरतं, पहाटे खरवडून घ्यायचं. हाताचा वास साबणानं जात नाही. पोपट बोंडं तोडून नेतात म्हणून जाळ्या लावतो. सगळी अफू नार्कोटिक्स खात्याला तोलून द्यायची, घरात तोळाही ठेवायचा नाही. उत्पन्न ठरल्यापेक्षा कमी भरलं की पट्टा गेला.

तुम्ही सगळे मात्रेचं बोलताय, तर आमचं कलम ऐका. १९. परवानाधारक शेतकऱ्यानं अफू परस्पर विकली तर दहा ते वीस वर्षं. त्यात अल्प नाही, मधली नाही, व्यापारी नाही. पाव किलो असो की पाच किलो, सुरुवात दहापासून. सासरे तोलाला जायच्या आदल्या रात्री जेवत नसत. दोन चमचे कमी भरली तर साहेब काय म्हणेल या धास्तीनं.

टवाळ

ताई, यावर काही सुचलं नाही.

नर्मदा

मला दुसरंच सांगायचंय. बाबांना तोंडाचा कर्करोग होता, २००९. गावाकडे राहात होतो. वेदनेला मॉर्फिन लागेल असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात, आमच्याकडे ठेवत नाही. का? तर इतके परवाने, इतकी रजिस्टरं, एक गोळी कमी निघाली तर एनडीपीएस. जिल्ह्यात कुठेच नव्हतं. दर पंधरा दिवसांनी भाऊ रात्रीच्या एसटीनं मुंबईला जायचा, सकाळी रांग लावायचा, चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन परत. एकदा गाडी घाटात अडकली. ती रात्र आईनं बाबांच्या पायाशी बसून काढली.

अफू पिकवणारा देश आपला. २०१४ ला नियम सोपे केले म्हणे, सगळ्या राज्यांना एकच. बाबा २०१० ला गेले.

सडेतोड

नर्मदाताई, वाचलं.

मी मागे हटत नाही, विकणाऱ्याला शिक्षा हवीच. पण एक विचारतो काळाकोट यांना, प्रामाणिकपणे. माझ्या त्या पुतण्याला ज्यानं पहिली पुडी दिली तोही तेव्हा स्वतः ओढत होता, त्याच्याच वर्गातला. त्याला तुमचा कायदा काय म्हणतो?

काळाकोट

विकली तर विकणारा, मात्रेप्रमाणे. नुसता ओढणारा असेल तर कलम २७, हेरॉइनला एक वर्षापर्यंत. आणि ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट, अल्प मात्रेपुरती. वकीलही फारसं मागत नाहीत हे कलम. पाचच्या वर सहा ग्रॅम सापडले की ते दारही बंद. व्यसनी माणूस दोन दिवसांचं एकदम घेऊन ठेवतो तेव्हा काटा सोबत नेत नाही.

झेरॉक्सवाला

मंडळी, साक्ष झाली. काल.

मुद्देमालाचं पाकीट समोर ठेवलं. लाखेचा भुगा झालेला, टेबलावर सांडला, शिपायानं हातानंच लोटला. सही ओळखली, माझीच. तेव्हा मी 'र' वेगळा काढायचो.

ते पोरगं बाहेरून आलं. पाचेक वर्षं आत काढल्यावर, खटला लांबला म्हणून हायकोर्टानं जामीन दिलाय म्हणे. आता पुढे टक्कल पडायला लागलंय. मला त्यानं ओळखलं की नाही कळलं नाही.

बचावाच्या वकिलानं विचारलं, पूड पिशवीतून काढून तोलली की पिशवीसकट? जे पाहिलं ते सांगितलं: पिशवीसकट. मग सरकारी वकील उठल्या. म्हणाल्या, पंचनाम्यात 'निव्वळ वजन २५८ ग्रॅम' लिहिलंय. खाली सही कुणाची? माझी. वाचून केली होती? मी म्हटलं, साडेदहा वाजले होते, दुकान उघडंच टाकून आलो होतो.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि ते टाइप करायला सांगितलं.

काटेवाल्याला समन्स गेलंय, तो गावी असतो म्हणतात. पुढची तारीख पडली.

घरी आल्यावर राहवेना. ओट्यावरच्या काट्यावर घरातल्या पिशव्या एकेक ठेवून बघितल्या. किराण्याची चार ग्रॅम, साडीच्या दुकानातली जाड अकरा, दुधाच्या दोन एकात एक कोंबलेल्या

काळाकोट

अहो, तुम्हाला काय सांगितलं होतं! केस चालू आहे. संपादक, हेही काढा.